मनाच्या दुखण्याला कुणाचं दार ठोठवायचं?

माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा असताना सतत हात धुवायचा. कोपरापर्यंत साबण लावून इतकं घासायचा की बोटांच्या बेचक्यांत भेगा पडून रक्त यायचं. "ताई, एकदाच, शेवटचं," म्हणत पुन्हा नळाखाली उभा. आम्ही त्याला एका समुपदेशक बाईंकडे नेलं. अतिशय भल्या बाई. ७ महिने त्या त्याच्याशी बालपणाबद्दल, बाबांच्या कडक शिस्तीबद्दल बोलत राहिल्या. तो तिथून हलका होऊन यायचा आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या २० मिनिटं हात धुवायचा.

पुढे तो एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेला. त्यांनी चौथ्या भेटीत त्याला दाराच्या मुठीला हात लावायला सांगितला आणि तसंच बसून राहायला लावलं. हात धुवायचे नाहीत. दर ५ मिनिटांनी मनाची बेचैनी ० ते १०० मध्ये किती, तो आकडा कागदावर लिहायचा. पहिला आकडा ९० होता. ४० मिनिटांनी ३५. बाहेर आल्यावर त्याने तो कागद माझ्या हातात दिला. तो उतरत गेलेला आकडा पाहून मी तिथेच रडले. मंत्रचळावरचा (ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती) हा उपचार १९६६ पासून माहीत आहे आणि आजही तो पहिल्या पसंतीचा आहे. आधीच्या बाईंचं ते क्षेत्र नव्हतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही.

मनाचा आजार असलेल्या माणसाकडे शक्ती थोडी असते. चुकीच्या दारापाशी ती खर्च झाली की दुसरं दार ठोठवायची उमेदच उरत नाही. म्हणून मी हे पायरी पायरीने लिहिते आहे.

पायरी १: आधी तातडी आहे का ते बघा

कोणता तज्ज्ञ हा प्रश्न नंतरचा. पुढच्यापैकी काही दिसत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. माणसाला थेट इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्या किंवा आपल्याकडच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा: जीव देण्याचे विचार येताहेत आणि कसा, कधी तेही ठरलेलं आहे; कुणी नसताना आवाज ऐकू येतात आणि ते काही करायला सांगतात; कित्येक रात्री झोप नाही तरी अंगात प्रचंड जोर आहे, पैसे उधळले जाताहेत, बोलणं थांबत नाही; खाणं-पिणं पूर्ण बंद झालं आहे; बाळंतपणानंतरच्या दिवसांत आई अचानक भ्रमिष्टासारखी वागू लागली आहे.

वयस्कर माणूस एक-दोन दिवसांत एकाएकी गोंधळला, माणसं ओळखेनासा झाला, तर तेही तातडीचंच समजा. पण तिथे मूळ बहुतेकदा शरीरात असतं. एखादा संसर्ग, रक्तातलं सोडियम घटणं किंवा नवीन सुरू झालेलं औषध असू शकतं.

"जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारायला लोक घाबरतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं होतं. विचारा, उत्तर ऐकून घ्या, माणसाला एकटं सोडू नका, आणि घरात साठलेल्या गोळ्या व इतर घातक वस्तू त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

पायरी २: एकदा शरीर तपासून घ्या

नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जाणं लोकांना वळसा वाटतो. मला ती सगळ्यात शहाणपणाची सुरुवात वाटते. थायरॉइड मंदावलं की माणूस सुस्त, उदास होतो आणि वजन वाढतं. तेच थायरॉइड जास्त काम करू लागलं की छातीत धडधड, हात थरथरणं, घाबरं होणं सुरू होतं आणि सगळे त्याला चिंतारोग समजतात. बी-१२ची कमतरता, रक्तक्षय, झोपेत वारंवार श्वास अडकणं, स्टेरॉइडसारखी औषधं, रोजची दारू, यातलं काहीही मनाच्या आजाराचा मुखवटा घालून येऊ शकतं. साध्या रक्ततपासण्यांनी यातलं बरंचसं स्पष्ट होतं.

सौम्य ते मध्यम नैराश्य आणि चिंता यांवर फॅमिली डॉक्टर स्वतःही उपचार सुरू करू शकतात. तुम्हाला वर्षानुवर्षं ओळखणारा माणूस "तू हल्ली वेगळीच दिसतेस" हे जितक्या लवकर ओळखेल, तितकं नवीन तज्ज्ञाला पहिल्या भेटीत जमणार नाही.

पायरी ३: कोण काय करतं ते समजून घ्या

आपल्या भाषेत इथे एक घोळ आहे. 'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्द आपण गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनाही लावतो आणि बोलून उपचार करणाऱ्यांनाही. म्हणून पाटीवरच्या शब्दाखालची पदवी वाचायची.

मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे आधी वैद्यकीय डॉक्टर असतात आणि मग मनोविकार या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतात. निदान करणं, औषधं देणं, गरज पडली तर इस्पितळात दाखल करून घेणं, दुसऱ्या आजाराच्या गोळ्यांशी या गोळ्यांचं जमतं की नाही ते बघणं हे त्यांचं काम. तीव्र नैराश्य, बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य असा आजार), छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया), भास आणि संशय, यांत यांच्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिली भेट सविस्तर होते, नंतरच्या बऱ्याचदा १०-१५ मिनिटांत आटोपतात. "डॉक्टर नीट बोलतच नाहीत" ही तक्रार मी पुष्कळदा ऐकते. त्या छोट्या भेटीत त्यांना औषधाचा गुण, त्रास आणि धोका बघायचा असतो. मन मोकळं करायला दुसरी जागा लागते, आणि ती मागून घ्यायला हरकत नाही.

गोळ्यांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण भीती इथेच जास्त आहे. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण दिसू लागायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, आणि त्या लागू पडल्या की नाही हे नीट ठरवायला ६ ते ८ आठवडे. मळमळ, डोकेदुखी असे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच येतात. म्हणजे आधी त्रास आणि मग गुण. हे कुणी सांगितलेलं नसेल तर माणूस दहाव्या दिवशी गोळी बंद करतो आणि "मला औषध चालत नाही" असं ठरवून मोकळा होतो. तरुण मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता किंवा जीव देण्याचे विचार वाढलेले दिसले, तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. बरं वाटू लागल्यावरही निदान ६ महिने गोळी चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झिणझिण्या येतात. सवय लागण्याचा खरा धोका आहे तो झोपेच्या आणि तात्पुरत्या शांततेच्या काही गोळ्यांचा, ज्या बेंझोडायझेपिन गटात मोडतात. त्या मोजक्या दिवसांसाठीच असतात. चिठ्ठीवर दोन गोळ्या असतील तर कोणती कोणत्या गटातली आणि कोणती किती दिवस, एवढं विचारूनच उठा.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मराठीत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, यांनी मानसशास्त्रात उच्च शिक्षण घेऊन रुग्णांबरोबर देखरेखीखाली प्रशिक्षण घेतलेलं असतं. तुरळक अपवाद वगळले तर ते औषध लिहून देत नाहीत. त्यांची दोन मोठी कामं. एक, चाचण्या आणि मुलाखतींतून मूल्यमापन: बुद्ध्यांक, लक्ष न लागणं, शिकण्यातल्या अडचणी, स्मृती. दुसरं, ठरावीक पद्धतीचे संवादउपचार. अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात उभी केलेली सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी पद्धत) त्यातली सर्वांत परिचित. आपण ज्याला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतो, ती अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडली. दोन्हींचा गाभा जवळचा आहे: प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दलचा आपला विचार आपल्याला जास्त छळतो, आणि तो विचार तपासता येतो. सीबीटीचा एक टप्पा सहसा १२ ते २० भेटींचा असतो, आठवड्याला एक, साधारण तासाभराची, आणि मधल्या दिवसांत करायला गृहपाठ. हा गृहपाठ मनापासून करणाऱ्याला गुण जास्त येतो.

समुपदेशक आयुष्यातल्या वळणांवर साथ देतात. जवळच्या माणसाचा मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं, परीक्षेचा ताण, नवरा-बायकोतला अबोला, मोठा निर्णय. इथे आजार असतोच असं नाही, दुःख मात्र खरं असतं, आणि ते ऐकायचं कसब शिकलेला माणूस समोर असणं ही फार मोठी गोष्ट आहे. माझ्या भावाचा अनुभव चुकीच्या जोडीचा होता, त्यावरून या कामाला कमी लेखू नका. आई गेल्यावर मी स्वतः समुपदेशकाकडेच गेले होते आणि तेच माझ्यासाठी योग्य होतं. सावध राहायचं ते एका गोष्टीसाठी: बऱ्याच देशांत 'समुपदेशक' किंवा 'थेरपिस्ट' ही नावं कायद्याने राखीव नाहीत. वर्षानुवर्षं शिकलेला माणूस आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून आलेला माणूस, दोघांची पाटी सारखीच दिसते. 'सायकोथेरपिस्ट'चंही बऱ्याच ठिकाणी तसंच. तो शब्द कामाचं नाव सांगतो, शिक्षण वेगळं विचारावं लागतं.

याशिवाय सायकियाट्रिक सोशल वर्कर असतात. घर, नोकरी, सरकारी मदत, कुटुंबाची समजूत हे सगळं ते सांभाळतात, आणि दीर्घ आजारात त्यांचं मोल डॉक्टरांइतकंच असतं. मनोविकार विभागातल्या परिचारिका औषधं आणि रोजच्या प्रकृतीवर लक्ष ठेवतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आंघोळ, स्वयंपाक, कामावर परतणं अशी विस्कटलेली रोजची घडी पुन्हा बसवायला मदत करतात. आणि त्याच वाटेने गेलेल्या माणसांचे स्वमदत गट असतात. दारू सोडणाऱ्यांचा अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस हा गट तर १९३५ पासून चालू आहे.

न्यूरॉलॉजिस्टबद्दल एक शब्द. मनोविकारतज्ज्ञाकडे जायची लाज वाटते म्हणून लोक "मेंदूच्या डॉक्टरांकडे" जातात. फिट, पक्षाघात, कंपवात, वाढत जाणारा विसर यांसाठी तेच योग्य. उदासी आणि भीतीसाठी हा फेरा वेळ घालवतो.

पायरी ४: आपली तक्रार आणि तज्ज्ञ यांची जोडी लावा

डोळे मिटून स्वतःला विचारा: मला आत्ता निदान हवंय, औषध हवंय, बोलायला जागा हवीय, की रोजचं जगणं सावरायला हात हवाय?

त्रास एखाद्या घटनेनंतर सुरू झाला, झोप-जेवण-काम कसंबसं चाललं आहे, तर समुपदेशकापासून सुरुवात करा. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटतं, कशातच रस नाही, पण दिवस ढकलता येतो, तर मानसशास्त्रज्ञ किंवा फॅमिली डॉक्टर. अंथरुणातून उठवत नाही, वजन उतरतं आहे, कामावर जाणं थांबलं, तर आधी मनोविकारतज्ज्ञ. मध्यम ते तीव्र नैराश्यात औषध आणि संवादउपचार दोन्ही एकत्र घेतल्याने कुठल्याही एकापेक्षा जास्त गुण येतो. म्हणजे 'डॉक्टर की थेरपी' या वादात पडायचं कारणच नाही.

अचानक येणारे घाबरण्याचे झटके, मंत्रचळ, ठरावीक गोष्टींची भीती: इथे नुसत्या गप्पा पुरत नाहीत. त्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेला मानसशास्त्रज्ञ शोधा. अपघात, अत्याचार यांसारख्या आघातानंतर वाईट स्वप्नं आणि तीच दृश्यं डोळ्यांसमोर येत असतील, तर आघातावर काम करणाराच तज्ज्ञ हवा. पहिल्याच भेटीत सगळं तपशिलात वदवून घेणारा नको. जखम उघडण्याआधी माणसाला सावरायला शिकवावं लागतं.

नैराश्य आहे, पण मागे कधी काही दिवस विलक्षण उत्साहाचे, कमी झोपेचे, भरमसाट बेतांचे गेले असतील, तर ते डॉक्टरांना सांगाच, विचारलं नाही तरी. बायपोलरमध्ये नुसती नैराश्याची गोळी दिली तर मन दुसऱ्या टोकाला उसळू शकतं. त्यावर लिथियमसारखी औषधं आहेत. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी उन्मादावरचा त्याचा गुण नोंदवला आणि आजही ते वापरात आहे. मात्र त्यासाठी रक्तातलं प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड वेळोवेळी तपासावं लागतं, म्हणजे नियमित मनोविकारतज्ज्ञ हवाच.

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने निर्धार करून घरच्या घरी एकदम बंद करू नये. त्यातून फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग समुपदेशन, मग गट. खाण्याच्या विकारात, म्हणजे उपाशी राहणं किंवा खाऊन मुद्दाम उलटी करणं यात, शरीराची तपासणी, आहारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ तिघेही लागतात.

लहान मुलांसाठी मुलांबरोबरच काम करणारे तज्ज्ञ शोधा. मूल "मला उदास वाटतं" म्हणत नाही. त्याच्या पोटात दुखतं, ते शाळेत जात नाही, चिडतं. बोलणं उशिरा येणं किंवा नजर न देणं असेल तर विकासविषयक बालरोगतज्ज्ञांपासून सुरुवात करा.

तरीही ठरत नसेल तर जो लवकर भेटतो आहे आणि ज्याची नोंदणी पक्की आहे त्याच्याकडे जा, आणि पहिलंच वाक्य असं बोला: "मी योग्य ठिकाणी आले आहे का, की मला दुसऱ्या कुणाकडे जायला हवं?" चांगला तज्ज्ञ या प्रश्नाने दुखावत नाही. मी आजवर पाहिलेल्या उत्तम माणसांनी स्वतःहून दुसऱ्याकडे पाठवलेलं आहे.

पायरी ५: नोंदणी तपासा, मग फोन करा

डॉक्टरांची आणि बऱ्याच देशांत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी अधिकृत मंडळाकडे असते. नाव आणि नोंदणी क्रमांक तिथे पडताळता येतो. समुपदेशकांसाठी असं मंडळ नसेल तर पदवी कुठली, किती वर्षांची, रुग्णांबरोबर प्रत्यक्ष प्रशिक्षण किती काळ आणि आता ते स्वतः कुणा ज्येष्ठाचं मार्गदर्शन घेतात का, हे विचारा. अॅपवरून सेशन घेणार असाल तर अॅपचं नाव बघू नका, समोरच्या माणसाची पदवी बघा. व्हिडिओवरचे संवादउपचार चिंता आणि नैराश्यासाठी चांगले चालतात. जीवाला धोका असेल तेव्हा मात्र प्रत्यक्ष भेटच हवी.

फोनवर एवढंच पुरे: "माझी अडचण अशी आहे. अशा लोकांबरोबर तुम्ही नेहमी काम करता का? कोणत्या पद्धतीने? साधारण किती भेटी लागतात? एका भेटीची फी किती? दोन भेटींच्या मधे बिघडलं तर काय करायचं?" आम्ही पहिला प्रश्न विचारला असता तर ते ७ महिने वाचले असते.

पायरी ६: पहिल्या भेटीला कागद घेऊन जा

आत गेल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, हे गृहीत धरा. अर्ध्या पानावर लिहून न्या. त्रास कधीपासून, कशाने वाढतो, झोप किती तास, भूक कशी, काम कुठे अडलं. चालू असलेली सगळी औषधं, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिकसुद्धा. पूर्वी काय उपचार झाले, घरात आणखी कुणाला असं काही होतं का. दारू, तंबाखू, गांजा असेल तर खरं लिहा. "झोप येत नाही" यापेक्षा "अडीचला डोळा लागतो, साडेचारला जाग येते" हे तज्ज्ञाला कितीतरी जास्त सांगतं.

गोपनीयतेचे नियम तिथेच विचारून घ्या. तुमचं बोलणं बाहेर जात नाही. अपवाद साधारणपणे जीवाला धोका, लहान मुलावर अत्याचार आणि न्यायालयाचा आदेश यांचे. घरचे सोबत आले असतील तरी काही वेळ एकट्याने बोलायचा तुमचा हक्क आहे. घरच्यांनाही एक विनंती: आत माणसाच्या वतीने उत्तरं देऊ नका.

पायरी ७: किती थांबायचं, केव्हा बदलायचं

पहिल्या एक-दोन भेटींनंतर उलट थकवा येऊ शकतो. तेवढ्यावरून निकाल लावू नका. पण चौथ्या-पाचव्या भेटीपर्यंत "आम्ही नेमकं कशावर काम करतो आहोत आणि बरं होणं म्हणजे काय दिसलं पाहिजे" हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. येत नसेल तर विचारा. ८-१० भेटींत काहीच हललं नाही, तर पद्धत बदलायची की माणूस, यावर त्यांच्याशीच उघड बोला. उपचार करणारा आणि घेणारा यांच्यातलं नातं जमणं हे गुण येण्याच्या सर्वांत भरवशाच्या खुणांपैकी एक आहे. "तज्ज्ञ मोठे आहेत पण माझं त्यांच्याशी जुळत नाही" हे बदलण्याचं पुरेसं कारण आहे.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र त्याच दिवशी उठा. पूर्ण बरं करण्याची हमी देणं, पदवी विचारल्यावर चिडणं, डॉक्टरांना न विचारता सगळ्या गोळ्या बंद करायला सांगणं, स्वतःचीच पावडर किंवा कोर्स विकणं, उपचारांबाहेर मैत्री वाढवणं, शारीरिक लगट करणं. शेवटच्या बाबतीत तक्रार करा. तुमची चूक नसते.

बदलताना मागचं हरवू देऊ नका. आधीच्या तज्ज्ञाकडून एका पानाचा सारांश मागून घ्या: निदान काय, कोणती औषधं किती मात्रेत किती दिवस दिली, काय लागू पडलं, कशाने त्रास झाला, कोणत्या चाचण्या झाल्या, कोणत्या पद्धतीचं बोलणं कुठवर आलं. सायकियाट्रिस्ट बदलत असाल तर नवीन भेट होईपर्यंत पुरतील इतक्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन ठेवा. आणि दोघांकडे एकाच वेळी उपचार चालू असतील, तर त्यांना एकमेकांशी बोलायची लेखी परवानगी द्या. भावाची सायकॉलॉजिस्ट आणि त्याला गोळी देणारे डॉक्टर महिन्यातून एकदा फोनवर बोलायचे. गोळीची मात्रा कधी कमी करायची, हे त्या आकड्यांच्या कागदांवरून ठरायचं.